कुठून आलात, कुठे चाललात?

जबलपूरहून परदेशी निघालेल्या प्रवाशाला वाटेत कुणीतरी अडवून विचारतेच, 'बॅग कुणी भरली? कुणी काही दिले आहे का?' हे प्रश्न ऐकायला पोरकट वाटतात. पण त्यांच्यामागे मोठा इतिहास आहे. प्रवाशांच्या सुरक्षिततेच्या इतिहासात खुद्द जबलपूरचेही एक पान आहे.

नर्मदेच्या काठचे जबलपूर पर्यटकांना माहीत असते ते भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांमुळे आणि धुवाधारच्या धबधब्यामुळे. मराठी माणसाचा या शहराशी संबंध मात्र फार जुना. १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी मंडल्याचे गोंड राज्य जिंकले आणि हा मुलूख पेशव्यांच्या अमलाखाली आला. १७९८ मध्ये तो नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि १८१७ मध्ये इंग्रजांच्या हाती पडला. पुढे १९५६ पर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते, राजधानी नागपूर. त्यामुळे वकील, शिक्षक, रेल्वेतले बाबू, कारखान्यातले कारागीर अशी कितीतरी मराठी कुटुंबे नागपूर-वऱ्हाडाकडून इथे आली आणि इथलीच झाली. गोलबाजारातले दत्तमंदिर, गणपतीचे दहा दिवस, घरात मराठी आणि दाराबाहेर हिंदी, असा त्यांचा संसार.

या घरांतली तिसरी पिढी आता परदेशी आहे. मुलगा न्यू जर्सीत, लेक सिंगापूरला, भाचा दुबईत. मग कुणाचे बाळंतपण निघते, कुणाची वास्तुशांत, आणि साठी-पासष्टीचे आई-वडील आयुष्यात पहिल्यांदा समुद्रापलीकडे निघतात.

निघायचे कसे, हा पहिला प्रश्न. शहराचे विमानतळ आहे डुमन्याला. जंगल, खंदारी तलाव आणि रस्त्याकडेला चरणारी चितळे, असा तिथला रस्ता मोठा देखणा! विमानतळाच्या नव्या इमारतीचे उद्घाटन १० मार्च २०२४ रोजी झाले, पुणे आणि कोल्हापूरच्या नव्या इमारतींबरोबर, एकाच दिवशी. परंतु इथून परदेशी विमान सुटत नाही. मुंबई, दिल्ली किंवा अशाच मोठ्या शहरात जाऊन विमान बदलावे लागते. बरेच जण आगगाडीचाच मार्ग धरतात. इटारसी, खांडवा, भुसावळ, मनमाड करीत सुमारे हजार किलोमीटरचा प्रवास, मग मुंबईत नातेवाईकांकडे एक रात्र आणि मध्यरात्रीनंतरचे विमान. हा रेल्वेमार्ग १८७० मध्ये जबलपूरलाच जोडला गेला आणि मुंबई-कलकत्ता गाडी सुरू झाली.

म्हणजे अमेरिकेला जाणारा जबलपूरकर विमानात बसेपर्यंत अर्धा दमलेला असतो. पहाटेच्या वेळी, पारपत्र हातात धरून रांगेत उभा असताना एक तरुण कर्मचारी त्याला बाजूला घेतो आणि विचारतो, "आप कहाँ से आए हैं? बैग किसने पैक किया?" आजोबा गोंधळतात, आजी घाबरतात. 'आम्ही काय चोर आहोत का?' हा विचार मनात येतोच.

ठगांचा रस्ता

चोर नसलेल्या प्रवाशालाही प्रश्न विचारावे लागतात, हे जबलपूरला दीडशे-दोनशे वर्षांपूर्वीच कळले होते.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मध्य हिंदुस्थानातले रस्ते धोक्याचे होते. व्यापारी, यात्रेकरू, रजेवर निघालेले शिपाई घरातून निघत आणि वाटेतच नाहीसे होत. ठगांच्या टोळ्या त्यांना गाठत. पण ठग वाटेत आडवे येऊन तलवार उपसत नसत. ते प्रवासी होऊनच येत. 'कुठून आलात? कुठे चाललात? आम्हीही तिकडेच निघालो आहोत, सोबत होईल,' असे म्हणून ओळख वाढवत. दोन-चार मुक्काम बरोबर जेवत, गप्पा मारत. विश्वास बसला की मग रुमालाचा फास!

या टोळ्यांचा बंदोबस्त करणारा अधिकारी विल्यम स्लीमन. त्याचे मुख्य ठाणे जबलपूरला होते. १८३५ मध्ये ठगी खात्याचा तो प्रमुख झाला. माफीचे साक्षीदार झालेल्या ठगांना समोर बसवून त्याने तासन् तास प्रश्न विचारले. कोण कुणाच्या टोळीत, कोणत्या वाटेवर, कोणत्या साली, प्रेते कुठे पुरली, हे सारे लिहून घेतले. एकाची हकिगत दुसऱ्याच्या हकिगतीशी ताडून पाहिली. ठगांच्या गुप्त बोलीचा कोशही त्याने १८३६ मध्ये छापला. शिक्षेतून सुटलेल्या ठगांसाठी आणि त्यांच्या मुलाबाळांसाठी जबलपूरला उद्योगशाळा निघाली. तिथे तंबू आणि गालिचे विणले जात. कटनीच्या वाटेवरचे स्लीमनाबाद आजही त्याचे नाव सांगते.

इंग्रजांनी ठगीचा बाऊ केला, निरपराधांनाही त्यात गोवले, असे म्हणणारे इतिहासकार आहेत आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. संशयावरून माणसे धरण्याचा कायदा कुठवर जाऊ शकतो, हेही त्या काळाने दाखवले. तरी दोन गोष्टी लक्षात ठेवण्याजोग्या. घातपात करणारा पुष्कळदा गोड बोलून, विश्वास संपादन करून येतो. आणि त्याला शोधायचा तर प्रश्न विचारून, उत्तरांचा मेळ घालूनच शोधावा लागतो. विमानतळावरचे प्रश्न याच दोन गोष्टींवर उभे आहेत.

एका बॅगेची किंमत

२३ जून १९८५. एअर इंडियाचे 'कनिष्क' हे विमान माँट्रियलहून लंडनमार्गे दिल्लीकडे निघाले होते. आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ आकाशातच त्याचा स्फोट झाला. ३२९ माणसे गेली. बहुतेक जण भारतीय वंशाचे कॅनडावासी, सुटीत मुलाबाळांसह मायदेशी निघालेले.

बॉम्ब एका बॅगेत होता. व्हँकुव्हरच्या विमानतळावर एका माणसाने ती दिली. त्याचे पुढचे आसन पक्के झालेले नव्हते. नियमाप्रमाणे बॅग पुढच्या विमानासाठी घ्यायची नव्हती. पण तो हट्टाला पेटला, मागे रांग खोळंबली होती, आणि खिडकीवरच्या कर्मचाऱ्याने शेवटी बॅग घेतली. बॅग गेली, माणूस मात्र विमानात चढलाच नाही! त्याच दिवशी जपानच्या नारिता विमानतळावर दुसऱ्या बॅगेचा स्फोट होऊन दोन हमाल ठार झाले.

'ज्याची बॅग तो विमानात हवा', या नियमाची निकड जगाला त्या दिवशी कळली. पूर्वी आपल्याकडे विमानात चढण्याआधी धावपट्टीजवळ मांडलेल्या सामानातून आपली बॅग ओळखून दाखवावी लागे, ते जुन्या प्रवाशांना आठवत असेल. उन्हातान्हात ते काम कंटाळवाणे वाटे, पण त्याचे कारण हेच होते. हा नियम जगात सगळीकडे तेव्हाही नीट पाळला गेला नाही. २१ डिसेंबर १९८८ रोजी स्कॉटलंडमधील लॉकरबी गावावर पॅन ॲमचे विमान कोसळले, तेही अशाच बिनमालकाच्या बॅगेमुळे. विमानातले २५९ आणि जमिनीवरचे ११ जण दगावले.

पण मालक बरोबर असला म्हणजे बॅग निर्धोक, असेही नाही. लंडनच्या हीथ्रो विमानतळावर १७ एप्रिल १९८६ रोजी आयर्लंडची एक गरोदर तरुणी तेल अवीवच्या विमानात बसायला निघाली. तिच्या जॉर्डेनियन प्रियकराने तिला लग्नाचे वचन दिले होते. 'तू पुढे हो, मी मागून येतो,' असे सांगून त्याने तिला नवी बॅग दिली होती. विमानतळाच्या क्ष-किरण यंत्रातून ती बॅग सुखरूप पार झाली. मात्र एल अल या इस्रायली कंपनीचे स्वतःचे तपासनीस दारात उभे होते. त्यांनी तिला साधेच प्रश्न विचारले. एकटी का चाललीस? राहणार कुठे? बॅग कुणी दिली? उत्तरांचा मेळ बसेना. बॅग रिकामी केली तरी जड लागेना का! तिच्या तळाच्या आत स्फोटके होती. विमानात सुमारे पावणेचारशे माणसे जाणार होती, आणि त्यांत ती स्वतः, तिच्या पोटातले बाळही.

तिला काहीच माहीत नव्हते. तिच्या प्रियकराला पुढे ४५ वर्षांची शिक्षा झाली.

'बॅग तुम्हीच भरली का? कुणी काही दिले आहे का?' हे प्रश्न त्या सुमारास जगभर रुळले. ते गुन्हेगाराकडून कबुली मिळवण्यासाठी नाहीत. गुन्हेगार खोटेच बोलणार. ज्याला आपल्याच बॅगेत काय आहे हे माहीत नाही, अशा भोळ्या माणसासाठी ते आहेत.

प्रश्नांचा उपयोग किती?

प्रश्न विचारून सगळेच साधते असे नाही. अमेरिकेत हे दोन प्रश्न पुढे इतके यांत्रिक झाले की प्रवासी ऐकण्याआधीच उत्तर देऊ लागले. शेवटी २००२ मध्ये तिथल्या सरकारने ते रद्दच केले. २००१ च्या डिसेंबरात बुटात स्फोटके लपवून पॅरिसहून मायामीला निघालेल्या माणसाचा पोलिसांना संशय आला होता. त्यांनी त्याची इतकी चौकशी केली की त्याचे विमान चुकले. आणि दुसऱ्या दिवशी त्याला जाऊ दिले! विमानात त्याला पकडले ते सहप्रवाशांनी आणि हवाई सेविकांनी.

तरीही २०१७ मध्ये अमेरिकेने आपल्याकडे येणाऱ्या विमानांसाठी नियम कडक केले आणि त्या वर्षीच्या २६ ऑक्टोबरपासून अनेक विमान कंपन्यांनी प्रवाशांच्या मुलाखती घेणे सुरू केले. तिकीट खिडकीजवळ एकदा, विमानात चढण्याच्या दारापाशी पुन्हा एकदा. अमेरिकेला कशाला चालला, कुणाकडे, किती दिवस, विजेची कोणती उपकरणे बरोबर आहेत, ती दुरुस्तीला कुणाकडे दिली होती का, असे प्रश्न असतात. शब्दांइतकेच लक्ष बोलण्याच्या ढंगाकडे असते.

आपल्या देशाची व्यवस्थाही धक्के खातच उभी राहिली. १९७६ च्या सप्टेंबरात दिल्लीहून मुंबईला निघालेले इंडियन एअरलाइन्सचे विमान लाहोरला पळवून नेले गेले. त्यानंतरच्या समितीच्या शिफारशीवरून १९७८ मध्ये नागरी विमान सुरक्षेचा विभाग स्थापन झाला. कनिष्कनंतर, १९८७ मध्ये, त्याला स्वतंत्र खात्याचा दर्जा मिळाला. डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून दिल्लीला येणारे विमान कंदाहारला नेले गेले आणि सारा देश आठवडाभर दूरदर्शनपुढे बसून राहिला. त्यानंतर फेब्रुवारी २००० पासून केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे जवान विमानतळांवर आले, पहिल्यांदा जयपूरला. विमानाच्या शिडीपाशी होणारी दुसरी तपासणीही याच अनुभवातून आली.

तोफांच्या गावचा पाहुणा

जबलपूरच्या प्रवाशाची एक अडचण मात्र खास त्याची आहे. हे शहर दारूगोळ्याचे! तोफगाड्यांचा कारखाना इथे १९०४ पासून आहे. खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला. लष्करी गाड्यांचा कारखाना १९६९ चा. कितीतरी मराठी घरांतले आजोबा यांपैकीच एखाद्या ठिकाणाहून निवृत्त झालेले. २०२१ मध्ये या सरकारी कारखान्यांच्या सात कंपन्या झाल्या. खमरिया ज्या कंपनीकडे गेला तिचे मुख्यालय पुण्यातल्या खडकीला आहे.

आता अशा आजोबांनी अमेरिकेच्या व्हिसाचा अर्ज भरायला घेतला की त्यात एक प्रश्न येतो: शस्त्रे, स्फोटके, अणू किंवा रसायनांसंबंधी काही विशेष प्रशिक्षण घेतले आहे का? आयुष्यभर फ्यूज तपासलेला माणूस इथे अडखळतो. मुलगा फोनवर सांगतो, "बाबा, 'नाही' लिहून टाका, कटकट नको." हाच सल्ला घातक. 'हो' असल्यास 'हो' लिहावे, कारखान्याचे नाव, हुद्दा, सालवार सेवा द्यावी, निवृत्तीचे पत्र बरोबर ठेवावे. सरकारी नोकरी ही लपवण्याची गोष्ट नाही. अर्जात एक आणि तोंडी दुसरेच सांगितले, तर मात्र संशयाला जागा होते.

विमानतळावर हाताला किंवा बॅगेला कापडाची चिंधी पुसून ती यंत्रात घालतात, तीही स्फोटकांचे सूक्ष्म कण शोधण्यासाठीच. हे यंत्र फार संवेदनशील असते. शेतातले खत, काही क्रीम, इतकेच काय, हृदयविकाराच्या ज्या गोळ्यांत नायट्रोग्लिसरीन असते त्यांच्यामुळेही ते ओरडू शकते. अशा वेळी हबकून जाऊ नये. पुन्हा तपासतात, सामान उघडून पाहतात, डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली की पुढे सोडतात. म्हणून औषधांची चिठ्ठी बॅगेत खोल न ठेवता हाताशीच ठेवावी.

भेडाघाटची आठवण म्हणून दगडात कोरलेला गणपती किंवा शिवलिंग पुष्कळ जण नातवंडांसाठी नेतात. दगड घट्ट असल्याने क्ष-किरणांच्या पडद्यावर तो काळाकुट्ट ठिपका दिसतो आणि बॅग उघडावी लागते. मूर्ती सगळ्यात वर, सहज काढता येईल अशी ठेवली तर कपड्यांची उलथापालथ तरी वाचते.

खोबरे, खसखस आणि भाजणी

मराठी घरातून बाहेरगावी निघालेल्या बॅगेत कपडे कमी आणि खाऊ जास्त, हे काही नव्याने सांगायला नको. जबलपूरकराच्या बॅगेत तर त्यात खोव्याच्या जिलेबीची भर! पण यातले प्रत्येक डबे-पुडके आता पारखून घ्यावे लागते.

सुके खोबरे. ओटीसाठी, वाटणासाठी आई हमखास देते. पण त्यात तेल भरपूर असल्याने ते पेट घेण्याच्या वस्तूंत गणले जाते आणि तपासणीत काढून ठेवतात. २०२२ मध्ये निषिद्ध वस्तूंच्या यादीत त्याचा स्पष्ट समावेश झाला.

भाजणी, मेतकूट, गोडा मसाला. अमेरिकेच्या विमानात हातातल्या पिशवीत साडेतीनशे मिलीलीटरपेक्षा अधिक पूड असेल तर २०१८ पासून तिची वेगळी तपासणी होते. ही पुडकी मोठ्या बॅगेतच घालावीत.

लोणचे, तूप, काकवी. हे पातळ पदार्थ हातातल्या पिशवीत नकोतच. २००६ च्या ऑगस्टमध्ये लंडनहून निघणारी विमाने पातळ स्फोटकांनी उडवण्याचा कट उघडकीला आला, तेव्हापासून शंभर मिलीलीटरची मर्यादा आली.

मिठाई. दुधाचे पदार्थ युरोपातल्या देशांत पाहुण्याने नेलेले चालत नाहीत. खोव्याची जिलेबी पॅरिसच्या कचराकुंडीत टाकावी लागण्यापेक्षा इथेच शेजाऱ्यांना वाटलेली बरी.

आणि सर्वात महत्त्वाची, खसखस. दिवाळीच्या अनारशाला खसखस लागतेच. पण संयुक्त अरब अमिराती आणि सिंगापूरमध्ये तिच्यावर बंदी आहे. अफूच्या झाडाचे बी म्हणून ती तिथे मादक पदार्थांच्या कायद्यात येते. आपल्या डब्यातली वाटीभर खसखस तिथे तुरुंगाची वाट दाखवू शकते. कोडीन असलेले खोकल्याचे औषध, ट्रामाडॉलसारखी वेदनाशामक गोळी, यांचेही आखाती देशांत तसेच. ती नेण्याआधी परवानगीचे नियम पाहायलाच हवेत. दुबईला असलेल्या लेकीसाठी अनारसे न्यायचे असतील तर ते खसखशीवाय करावेत. चव थोडी कमी होईल, एवढेच.

"एवढे एक पार्सल नेता का?"

कुणी परदेशी निघाले की गल्लीभर बातमी पसरते. मग संध्याकाळी दारात कुणीतरी येते. "काकू, न्यू जर्सीलाच चाललात ना? आमच्या बबलूला एवढे एक पार्सल नेता का? जास्त काही नाही, लाडू आहेत नि एक शर्ट." पार्सल सुतळीने घट्ट बांधलेले, वर पत्ता लिहिलेला. काकूंना नाही म्हणवत नाही. त्यांचा स्वतःचा मुलगा शिकायला गेला तेव्हा याच बाईंच्या जावयाने त्याच्यासाठी मसाले नेले होते ना!

परगावी वसलेली मराठी माणसे एकमेकांना धरून राहिली ती अशाच देवाणघेवाणीवर. पार्सल नाकारणे म्हणजे नाते नाकारणे, असे वाटते. म्हणूनच विमानतळावर 'कुणी काही दिले आहे का?' असे विचारले की काकूंच्या तोंडून पटकन 'नाही' निघते. त्यांच्या लेखी बबलूची आई काही 'कुणी' नव्हे.

याची किंमत किती मोठी असू शकते, ते मुंबईच्या एका नवविवाहित जोडप्याने भोगले. २०१९ मध्ये ते दोघे कतारला फिरायला गेले. सहल एका जवळच्या नातेवाईक बाईने भेट म्हणून ठरवून दिली होती. निघताना तिने एक पुडके दिले, तंबाखूचे आहे असे सांगून. दोहाच्या विमानतळावर ते उघडले, तर आत चार किलो चरस! दोघांना दहा-दहा वर्षांची शिक्षा झाली. मुलीचा जन्मही तुरुंगातच झाला. इकडे भारतात वडिलांनी धावाधाव केली, अमली पदार्थविरोधी खात्याने तपास केला, खरे गुन्हेगार उजेडात आले आणि २०२१ मध्ये तिथल्या न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. ते घरी परतले. पण सगळ्यांचेच नशीब असे पुन्हा दार उघडत नाही.

हीथ्रोची ती तरुणी आणि हे जोडपे, दोन्हीकडे बॅग देणारे परके नव्हते, घरचेच होते. ठगही आधी सोबती होत आणि मगच रुमाल काढत.

म्हणून पार्सलाचा एकच नियम. ते देणाऱ्यासमोर उघडायचे, प्रत्येक वस्तू हाताळून पाहायची आणि स्वतःच्या हाताने पुन्हा बांधायची. देणाऱ्याला आधीच सांगावे, "बांधू नका, सुटेच आणा, मी भरते." यात अपमान काही नाही. ज्याला तो वाटेल त्याचे पार्सल नेऊच नये. आणि विमानतळावर विचारले तर सरळ सांगावे, "हो, शेजारच्यांनी लाडू आणि शर्ट दिला आहे, मी उघडून पाहिला आहे." खरे उत्तर दिल्याने फार तर बॅग उघडतील.

मानापमानाचा प्रश्न

तपासणीचा सल राहतो तो मानापमानाचा. तो फक्त सामान्यांनाच बोचत नाही. माजी राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांची २००९ च्या एप्रिलमध्ये दिल्लीच्याच विमानतळावर एका अमेरिकन विमान कंपनीच्या कर्मचाऱ्यांनी अंगझडती घेतली. आपल्या नियमांप्रमाणे त्यांना तपासणीतून सूट होती. त्यांनी वाद न घालता ती होऊ दिली. बातमी फुटल्यावर संसदेत गदारोळ झाला आणि कंपनीला माफी मागावी लागली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अभिनेता शाहरुख खान याला नेवार्क विमानतळावर बराच वेळ बसवून ठेवले गेले. २०१० मध्ये नागरी विमान वाहतूक मंत्री प्रफुल्ल पटेल यांनाही शिकागोला प्रश्नांना तोंड द्यावे लागले. संशयितांच्या यादीत त्यांच्यासारखेच नाव होते म्हणे! त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमेरिकेतील भारताच्या राजदूत मीरा शंकर यांची मिसिसिपीतील एका विमानतळावर झडती झाली, कारण काय, तर त्या साडीत होत्या.

यातले सगळेच योग्य होते असे नाही. वंश, धर्म, वेष पाहून माणूस निवडणे हा अन्यायच आहे, आणि त्याने सुरक्षा वाढते असेही नाही. हीथ्रोच्या आयरिश तरुणीकडे बघून कोण संशय घेणार होते? त्यामुळे तक्रार करण्याचा हक्क वापरावा. तपासनिसाचे नाव, वेळ, ठिकाण टिपून ठेवावे. बाईची झडती बाईनेच घ्यावी आणि हवी तर आडोशाला घ्यावी, असा आग्रह धरावा. अमेरिकेच्या प्रवासात चढपासवर 'एसएसएसएस' अशी अक्षरे दिसली तर समजावे की जादा तपासणी होणार. हे पुन्हा पुन्हा होत असेल तर नावाचा घोळ असू शकतो. त्यासाठी अमेरिकन सरकारकडे अर्ज करून एक क्रमांक घेता येतो आणि तो तिकिटावर घालता येतो.

नावाचा घोळ तर आपल्याकडे घरोघरी. पारपत्रावर स्वतःचे, वडिलांचे आणि आडनाव, तिकिटावर फक्त दोनच. लग्नाआधीचे एक, नंतरचे दुसरे. अमिरातीने २०२२ च्या नोव्हेंबरपासून पारपत्रावर एकच नाव असलेल्या पाहुण्यांना प्रवेश बंद केला. तिकीट काढतानाच पारपत्रावरचे नाव अक्षर न् अक्षर ताडून पाहावे.

घरातली तालीम

पहिल्यांदा निघालेल्या आई-वडिलांसाठी एक साधा उपाय पुष्कळ घरांत उपयोगी पडतो. निघण्याच्या आदल्या आठवड्यात नातवाने तपासनीस व्हावे आणि जेवणानंतर प्रश्न विचारावेत. कुठे चाललात? कुणाकडे? तो काय करतो? परत कधी? बॅग कुणी भरली? उत्तर लहान, खरे आणि एकच असावे. आजोबा 'तीन महिने' आणि आजी 'बघू, बाळंतपण झाल्यावर' म्हणाल्या, तर तिथेच गाडी अडते. मुलाचा पत्ता, फोन आणि परतीचे तिकीट कागदावर लिहून पर्समध्ये ठेवावे. इंग्रजी समजले नाही तर 'हो हो' करू नये. 'हिंदी' किंवा 'मराठी' म्हणून दुभाष्या मागावा. आणि काहीही झाले तरी थट्टेत बॉम्बचे नाव काढू नये. आजोबांचा विनोदी स्वभाव तेवढा वेळ घरी ठेवावा.

बॅग भरताना दोघांनीही समोर बसावे. मुलगी भरते आणि आई चहा करते, असे झाले की 'बॅग कुणी भरली?' या प्रश्नाचे खरे उत्तर 'लेकीने' असे होते. तेच सांगावे, पण कुलूप लावण्याआधी प्रत्येक वस्तू एकदा स्वतःच्या डोळ्यांखालून घालावी. नर्मदेचे पाणी भरलेली बाटली नातवंडाच्या बारशासाठी न्यायची असेल, तर तीही मोठ्या बॅगेत, नीट बूच लावून आणि प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून. कुणी विचारलेच हे काय, तर सांगावे, "आमच्या गावची नदी आहे."